बेळगाव, खानापूर, निपाणी: मॉडेमवरून फायली नेण्याच्या नोंदी (१९९७)

(त्या वर्षी बेळगावातल्या एका पतसंस्थेचे संगणकाचे काम माझ्याकडे होते. कामाच्या वहीत नुसते त्रोटक टिपण होते, ते वाचता येईल इतपत सोडवून लिहिले आहे. माणसांची आणि संस्थेची नावे काढली आहेत.)

१२ मे १९९७, सोमवार

काम ठरले. मुख्य शाखा बेळगावात, बाकी दोन खानापूर आणि निपाणीला. तिन्हीकडे एससीओ कंपनीची युनिक्स ही संगणक-प्रणाली. बेळगावात ४८६ चा संगणक, शाखांत ३८६ चे, आणि प्रत्येकाला टर्मिनले जोडलेली. संध्याकाळी हिशेब मिटला की शाखेची रोजकीर्द आणि पिग्मीच्या नोंदी बेळगावला यायला हव्यात. बेळगावहून खातेदारांची बदललेली यादी सकाळी शाखा उघडायच्या आत तिकडे पोचायला हवी.

आजवर हे काम फ्लॉपीवर चालते. फायली टार करायच्या (एका गठ्ठ्यात बांधायच्या), फ्लॉपीवर घालायच्या, फ्लॉपी पाकिटात आणि पाकीट पहिल्या बसच्या कंडक्टरकडे. खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तिथले पाकीट वेळेत येते. निपाणीच्या पाकिटाचा भरवसा नाही. फ्लॉपी वाचली गेली नाही तर शाखेला फोन, दुसरी फ्लॉपी, दुपारची गाडी. त्यामुळे बेळगावची खतावणी कायम एक दिवस मागे.

आकाराचा हिशेब केला. निपाणीची दिवसाची टार फाईल १.४ एमबीच्या आसपास. कॉम्प्रेस केली, म्हणजे दाबली, की ४०० केबी. डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या कोष्टकांच्या, फायलीत निम्म्या मोकळ्या जागाच असतात, त्यामुळे चांगल्या दबतात. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, अक्षरामागे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून दहा बिट, सेकंदाला ९६० अक्षरे जातात. म्हणजे न दाबता पंचवीस मिनिटे, दाबून सात. सॉफ्टवेअर कुठलेही घेतले तरी कॉम्प्रेस केल्याशिवाय काही पाठवायचे नाही, एवढे आजच ठरवून टाकले.

१६ मे

मॉडेम आले, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणारी पेटी. १४.४ चे (सेकंदाला १४,४०० बिट), व्ही.३२बिस या मानकाचे, आत व्ही.४२ ची चूक-दुरुस्ती. मुद्दाम बाहेरचे घेतले. कार्डाचे मॉडेम स्वस्त पडते, पण त्याला दिवे नसतात. निपाणीच्या क्लार्कला फोनवरून “सीडीचा दिवा लागलाय का बघा” असे, म्हणजे पलीकडच्या मॉडेमशी जोडणी झाली का ते, विचारता आले पाहिजे. नाहीतर प्रत्येक वेळी मला एसटी पकडावी लागेल.

मॉडेममध्येही कॉम्प्रेशन असते, मग आपण वेगळे कशाला करायचे, असे सचिवांनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. मॉडेममधले नवे कॉम्प्रेशन, व्ही.४२बिस, निदान समजूतदार आहे, आधीच दाबलेला माल आला की गप्प बसते. जुने एमएनपी ५ मात्र दाबलेली फाईल पुन्हा दाबायला जाते आणि उलट फुगवून ठेवते. म्हणून एमएनपी ५ बंद. दाबायचे ते मशीनवरच.

आता सॉफ्टवेअर. तीन उमेदवार: झेडमोडेम, कर्मिट आणि युनिक्ससोबतच येणारे युयुसीपी. एक्समोडेमचा विचारच केला नाही. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचे ते १९७७ चे काम, १२८ बाइटांचा एक ठोकळा पाठवून उत्तराची वाट बघत बसते, आणि फाईल १२८ च्या पटीत नसली तर शेवटी भरताड घालते. हिशेबाच्या फायलीला ते नको.

२१ मे

झेडमोडेम. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये टेलिनेट या डेटा-जाळ्याच्या कंपनीसाठी लिहिले. आपल्याला हवेत ते फाईल घेणारा ‘आरझेड’ आणि पाठवणारा ‘एसझेड’ हे दोन प्रोग्रॅम. सी कंपायलर एससीओ वेगळा विकते, तो फक्त बेळगावच्या मशीनवर आहे. इथे बांधून फ्लॉपीवर खानापूरला नेले.

चाचणी झकास. ९६० पैकी साधारण ९४० अक्षरे पदरात पडली. वेगात याच्या जवळपास कोणी येणार नाही. उत्तराची वाट न बघता सलग पाठवत राहते, चूक झाली तर तिकडून ‘इथपासून परत दे’ असा निरोप येतो, तपासणीला ३२ बिटांचा सीआरसी हा पडताळा-आकडा. मी मुद्दाम मध्येच फोनची वायर काढली, पुन्हा जोडून परत डायल केले, तर तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू.

अडचण वेगळीच. हे सगळे मी टर्मिनलसमोर बसून केले. डायल करा, लॉगिन करा, तिकडे ‘एसझेड’ म्हणा, इकडे ‘आरझेड’ म्हणा. रात्री हे कोण करणार? एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, पाव दर रात्री उशिरा लागतो. त्या वेळी शाखेत वॉचमन मामांशिवाय कोणी नसते.

२७ मे

कर्मिट. कोलंबिया विद्यापीठात फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले. नाव टीव्हीवरच्या बाहुल्यांतल्या बेडकाचे. याचे ‘सी-कर्मिट’ युनिक्सवर चालते. पहिल्या चाचणीत सेकंदाला अडीचशे अक्षरे. कर्मिट मंद आहे असे सगळेच म्हणतात ते यावरूनच. पण मूळ सेटिंग बघितले तर पाकीट ९४ अक्षरांचे, आणि एक पाठवून पोच येईपर्यंत थांबायचे. आठवा बिट न मानणारे मेनफ्रेम, अर्ध्यातच अक्षरे गिळणारी टर्मिनल लाइन, असल्या कुठल्याही वाटेवर चालावे म्हणून ठेवलेले ते सेटिंग. आपली वाट त्याहून बरी आहे. पाकिटाची लांबी १००० केली, विंडो ४ केली, आकडा साडेसातशेवर गेला.

त्याच्या वर जाईना. कारण शोधले: कर्मिट प्रत्येक कंट्रोल अक्षराआधी एक खुणेचे अक्षर घालते. दाबलेल्या फायलीत सगळे बाइट सारख्याच प्रमाणात येतात, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कंट्रोल अक्षरांचा. तेवढा भुर्दंड भरावाच लागतो. नव्या आवृत्तीत ही खूण काही अक्षरांपुरती काढता येते. ते नंतर बघू.

कर्मिटचे मला आवडले ते त्याची स्क्रिप्ट. ‘डायल’, ‘इनपुट’, ‘आउटपुट’ एवढ्या तीन-चार शब्दांत लॉगिनपासून फाईल घेण्यापर्यंत सगळे लिहून, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनला देता येते. लाइन व्यस्त मिळाली तर काय, अर्ध्यात तुटली तर काय, हे मात्र सगळे आपणच लिहायचे. दोन पानांची स्क्रिप्ट झाली, आणि तरी प्रत्येक नव्या अडचणीला एक नवा ‘इफ’.

शिवाय त्या स्क्रिप्टमध्ये शाखेचा पासवर्ड उघडा लिहिलेला. तो ज्याच्या हाती लागला त्याला निपाणीच्या मशीनवर शेलच, म्हणजे हवी ती आज्ञा द्यायची मुभा, मिळाला. लोकांच्या ठेवी आहेत तिथे.

३ जून

युयुसीपी. याची पुस्तिका मी आजवर टाळत आलो होतो, कारण तिच्यात सिस्टिम्स, डिव्हाइसेस, डायलर्स, परमिशन्स, पोल अशा फायलींची जत्रा आहे. बेल लॅबमध्ये माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकात लिहिले, १९७९ च्या व्हर्जन ७ युनिक्ससोबत सगळीकडे पसरले. एससीओत आहे ते त्याचे १९८३ चे नवे रूप, हनीडॅनबर.

दोन गोष्टी वाचून मन इकडे वळले.

पहिली, रांग. फाईल ‘युयुसीपी’ आज्ञेने सोपवली की आपले काम संपले, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखे. फोन कधी करायचा, लागला नाही तर किती वेळाने परत करायचा, हे त्याचे ते बघते. सिस्टिम्स फायलीत शाखेच्या नावापुढे वेळ लिहायची सोय आहे: रात्री अकरा ते पहाटे सहा. त्याआधी कोणी कितीही फायली टाकल्या तरी मॉडेम हूं की चूं करत नाही. पाव दर लागला की फोन.

दुसरी, लॉगिन. युयुसीपीसाठी जे खाते उघडायचे त्याचा शेल म्हणून ‘युयुसिको’ हा फायली नेणारा प्रोग्रॅमच लावायचा. पासवर्ड फुटला तरी समोरच्याला शेलचे डॉलरचे चिन्ह दिसतच नाही, थेट प्रोटोकॉलशी गाठ. परमिशन्स फायलीत कुठल्या मशीनने कुठल्या डिरेक्टरीत लिहायचे तेही बांधून टाकता येते. कर्मिट आणि झेडमोडेम मी चालवले तसे चालवायचे तर शेल द्यावा लागतो.

वेग? साडेपाचशे-सहाशे. त्याच्या ‘जी’ प्रोटोकॉलचे पाकीट ६४ बाइटांचे आणि विंडो लहान, त्यात चूक-दुरुस्ती करणारे मॉडेम स्वतःही थोडा वेळ खाते. निपाणीची फाईल सातऐवजी बारा मिनिटे घेईल. घेऊ दे. रात्री दोन वाजता कोण घड्याळ लावून बसले आहे?

१० जून

दिवसभर डोके खाल्ले. बेळगावहून खानापूरला फोन लागतो, लॉगिन होते, तिकडून युयुसीपीची सलामी, ‘एसहिअर’ आणि ‘आरओके’, येते, दोन्ही बाजूंचे ‘जी’वर एकमत होते, फाईल सुरू होते आणि मेल्यासारखी थांबते. साधी मजकुराची छोटी फाईल जाते. दाबलेली फाईल पहिल्या काही पाकिटांतच अडकते. सगळे दिवे लागलेले, अक्षरे येण्या-जाण्याचे आरडी आणि एसडी मात्र मधूनच एकदा लुकलुकतात. तीच तीच पाकिटे पुन्हा.

‘युयुसिको’ला ‘-एक्स९’ देऊन सगळी बडबड फायलीत घेतली. पाकीट निघते, पोच येत नाही, पुन्हा निघते. आकड्यांत बघितले तर अडकलेल्या पाकिटात १९ क्रमांकाचा बाइट. तिथे उजेड पडला. १७ आणि १९ म्हणजे एक्सऑन आणि एक्सऑफ: ‘बोल’ आणि ‘थांब’. मॉडेम कारखान्यातून सॉफ्टवेअरच्या प्रवाह-नियंत्रणावर लावून आले होते. फायलीतला बिचारा १९ नंबरचा बाइट मॉडेमला ‘थांब’ वाटत होता. मॉडेम तो बाइट गिळायचे आणि स्वतः गप्प व्हायचे. झेडमोडेमच्या चाचणीत हे दिसले नव्हते, कारण ते या दोन अक्षरांना स्वतःहून वेष्टन घालून पाठवते. कर्मिट तर सगळ्यांनाच घालते. ‘जी’ सरळमार्गी आहे, वाट आरपार मोकळी आहे असे धरून चालते.

उपाय एका ओळीचा: ‘एटी&के३’, म्हणजे आरटीएस-सीटीएस तारांनी नियंत्रण, आणि ‘&डब्ल्यू’ने ते मॉडेमच्या पोटात कायमचे. केबलमध्ये त्या दोन तारा आहेत की नाहीत ते खोलून बघितले. आहेत. बाजारात तीन तारांच्या केबलीही मिळतात, त्यांच्यावर हे चालले नसते.

फाईल गेली. दोन्हीकडे ‘सम’ (फाईलचा पडताळा-आकडा) काढून जुळवले. वॉचमन मामा दारात येऊन म्हणाले, “काय करूलालाय सर अजून? शेवटची गाडी गेली की.”

१९ जून

पाऊस. खानापूरचा पाऊस म्हणजे काय ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको, मलप्रभा तिथल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. लाइनवर खरखर. बोलताना ऐकू येते तेवढी, पण मॉडेमला पुरते. जोडणी होते, १४.४ वरून उतरत उतरत ७२०० वर येते, कधी सुटते. व्ही.४२ मुळे अक्षरे मात्र बिघडत नाहीत, फक्त सावकाश येतात.

टोनला तिथले एक्स्चेंज दाद देईना. ‘एटीडीटी’ या टोनच्या आज्ञेऐवजी पल्सची ‘एटीडीपी’ दिली, लगेच लागला. आपल्या जिल्ह्याला हे शोभत नाही खरे तर. सी-डॉट या सरकारी संस्थेचे १२८ पोर्टचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कित्तूरलाच बसले होते.

निपाणीचे वेगळे. ट्रंक मार्ग भरलेला असला की व्यस्तचा टोन येत नाही, बाई बोलतात. मॉडेमचा स्पीकर चालू ठेवून ऐकले: “दयविट्टु स्वल्प समयद नंतर प्रयत्निसि”, मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. मॉडेमला तिन्ही भाषा येत नाहीत. ते पलीकडच्या मॉडेमच्या सुराची, कॅरियरची, वाट बघत राहते आणि एस७ या सेटिंगमध्ये लिहिलेले सेकंद संपले की ‘नो कॅरियर’ म्हणते. एस७ वाढवून ७० केले होते ते परत ५० वर आणले. पल्सने एसटीडीचा लांब नंबर फिरवायलाच वेळ जातो, त्यामुळे त्याहून कमी करता येत नाही.

युयुसीपी प्रत्येक अपयशानंतर थांबायचा वेळ वाढवत नेते. ते नको म्हणून सिस्टिम्स फायलीत वेळेच्या पुढे अर्धविराम देऊन दहा लिहिले. आता दर दहा मिनिटांनी प्रयत्न.

२८ जून

पावसाचा दुसरा परिणाम. लाइन आठव्या-नवव्या मिनिटाला सुटते आणि बारा मिनिटांची फाईल कधीच पूर्ण होत नाही. हे युयुसीपी अर्धी राहिलेली फाईल पुढे नेत नाही, पहिल्यापासून सुरू करते. झेडमोडेम इथे जिंकले असते. इयान टेलर यांच्या फुकट युयुसीपीत ही सोय आहे, पण ती दोन्ही टोकांना लागते. तीन मशीनवर ते बांधून बसवायची माझी आत्ता तयारी नाही.

त्यापेक्षा फाईलच कापावी. एससीओचे ‘स्प्लिट’ ओळी मोजून कापते, दाबलेल्या फायलीत ओळी कुठल्या? म्हणून बाइट मोजून कापणारे ‘डीडी’. ठोकळा एक केबीचा, ‘काउंट’ ४०, आणि ‘स्किप’ दर वेळी चाळीसने पुढे. ४०० केबीचे दहा तुकडे, प्रत्येकाला सव्वा मिनिटाच्या आसपास. लाइन सुटली तर फार तर एक तुकडा वाया. शेवटी एक छोटी फाईल: किती तुकडे, प्रत्येकाची ‘सम’. बेळगावचा प्रोग्रॅम ती यादी आल्याशिवाय आणि सगळे आकडे जुळल्याशिवाय ‘कॅट’ करून जोडत नाही.

२ जुलै

सगळे आले. काही लिहायचे नाही.

१५ जुलै

एका संचालकांनी विचारले, इंटरनेट आलेय म्हणतात, त्यावरून का नाही पाठवत? सरकारी व्हीएसएनएल कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला मोठ्या शहरांत सुरू केले हे खरे. पण आपण बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटरसाठी आधी बंगलोरला एसटीडी लावायची, निपाणीनेही लावायची, आणि मग दोघांनी तिथे भेटायचे. शिवाय स्वस्तातले, नुसत्या मजकुराचे, शेल खाते घेतले तर तिथून फाईल घरी आणायला परत कर्मिट नाहीतर झेडमोडेमच. संचालक म्हणाले, “बरं, मग आपलंच चालू दे.”

११ ऑगस्ट

निपाणी दोन रात्री मुकी. फोन वाजतो, मॉडेम उचलत नाही. शेवटी गेलो. मॉडेमचा अडॅप्टर यूपीएसवरून काढून भिंतीच्या सॉकेटात लावलेला, आणि त्या जागी टेबलफॅन. वीज गेली की संगणक चालू, पंखा चालू, मॉडेम बंद. वीज आली की मॉडेम जागे होई, पण त्याच्या पोटातल्या सेटिंगमध्ये एस० शून्य होते, म्हणजे फोन वाजला तरी उचलायचा नाही. एस० एक करून ‘&डब्ल्यू’. पंख्याची दुसरी सोय केली. शाखाधिकारी मॅडमनी चहा पाजला आणि पंखा कोणी लावला ते काही सांगितले नाही.

तिथेच दुसरी गोष्ट सापडली. मशीन मध्येच बंद पडले की पोर्टची कुलूप-फाईल (पोर्ट वापरात आहे असे सांगणारी) मागे राहते. तिच्यात ज्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबर असतो ती जिवंत नसेल तर युयुसीपी कुलूप स्वतःच मोडते. पण मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तोच नंबर दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसला मिळाला, तर कुलूप खरे वाटते आणि पोर्ट अडून राहतो. मशीन सुरू होतानाच्या आरसी स्क्रिप्टमध्ये जुनी कुलपे पुसायची एक ओळ घातली.

महिनाअखेरीची पूर्ण बॅकअप मागितली होती, तीही मॉडेमवरून. दाबून १८ एमबी. या वेगाने साडेनऊ तास. कार्ट्रिज टेप बसने येईल.

९ सप्टेंबर

चतुर्थीला शुक्रवारपासून शाखा बंद होत्या, निपाणीचे मशीनही बंद ठेवले होते. बेळगावच्या रांगेत खातेदारांच्या याद्या साचल्या. काल रात्री मशीन सुरू झाल्यावर सगळे भराभर गेले. रांग दाखवणाऱ्या ‘युयुस्टॅट’ची यादी रिकामी.

पण एक गोम दिसली. गुरुवारची यादी सोमवारच्या यादीनंतर लागू झाली. रांगेतली कामे टाकल्या क्रमानेच पलीकडे पोचतील अशी हमी युयुसीपी देत नाही, तशी अपेक्षाही धरू नये. एका खातेदाराचा नवा पत्ता जाऊन जुना परत आला. पत्त्यावर निभावले, शिल्लक असती तर ओरड झाली असती.

आता प्रत्येक यादीला चढता क्रमांक. शाखेचा प्रोग्रॅम शेवटचा लागू झालेला क्रमांक लिहून ठेवतो. त्याच्या पुढचाच आला तर लावतो, मधला गाळलेला असेल तर थांबतो आणि बेळगावला निरोपाची फाईल रांगेत टाकतो. निरोपाची फाईल आज रात्री तपासायची.

कर्मिट तिन्ही मशीनवर राहू देतो. रांग अडली आणि कोणीतरी समोर बसून फाईल ओढायची वेळ आली तर तेच वापरायचे. त्याची कार्डावर चार ओळींची कृती लिहून मॉडेमखाली ठेवली आहे, पासवर्ड सोडून. संकेश्वरच्या शाखेसाठी फोनचा अर्ज दिला, लाइन मिळाली की तिथली सिस्टिम्स फाईल.